बिझनेस क्लासमधलं चिनी मातीचं ताट

विमानात मला आता खोका मिळतो. पुठ्ठ्याचा, चपलांच्या खोक्याहून थोडा लहान, वर विमान कंपनीचं चित्र. आत गार सँडविच, केकचा एक तुकडा आणि हात पुसायला कागदाची पुडी. आणि हे मी मागच्या रांगांतलं सांगत नाहीये. पडद्याच्या पुढचं सांगतोय, बिझनेस क्लासचं. हैदराबाद ते मुंबई सव्वा तासाचा प्रवास, त्यात कसलं जेवण आणि कसलं काय, असं त्यांचं म्हणणं असणार. पण याच सव्वा तासात पूर्वी ते सगळं बसवत होते. मी ते डोळ्यांनी पाहिलंय आणि तोंडाने खाल्लंय.

हे रडगाणं ऐकून लोक हसतील, हे मला ठाऊक आहे. माझ्या गावी, मुरूमला, तर हसतीलच. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथल्या माणसाने विमानातला गरम टॉवेल बंद झाला म्हणून गळा काढायचा, म्हणजे जरा अतीच झालं. पण मला चीड येते ती येतेच. आणि खरं सांगायचं तर ती टॉवेलाची नाही, ताटाची आहे. ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी दूध थंड ठेवायच्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. निम्मी नोकरी डेअऱ्यांच्या आवारात, शेणाच्या आणि क्लोरीनच्या वासात उभं राहून गेली. मग हैदराबादच्या ऑफिसात खुर्ची मिळाली आणि खुर्चीपाठोपाठ पडद्यापुढची जागा. महिन्यातून दोनदा मुंबई. पहिल्या फेरीला मी इतका अवघडून बसलो होतो, की पट्टा बांधायला येऊनही बांधता येईना. पण सुखाला सोकावायला वेळ लागत नाही. चार-सहा महिन्यांत मी असा पाय पसरून बसायला लागलो, जणू जन्मलोच त्या खुर्चीत.

खुर्ची खरंच ऐसपैस होती. एका बाजूला दोनच जागा. टेकलं की एक मुलगी चिमट्याने गरम ओला टॉवेल हातावर ठेवायची, त्याला लिंबाचा वास असायचा. पाणी काचेच्या पेल्यात. विमान वर जाऊन स्थिर झालं की पांढरं कापड अंथरलेला ट्रे यायचा आणि त्यावर चिनी मातीचं ताट, काठाला निळी बारीक रेघ असलेलं. काटे-चमचे हाताला वजन लागणारे. उपम्यातून वाफ निघत असायची. सोबत मधाची बोटभर काचेची बाटली.

ती बाटली मी अव्वाला नेऊन दिली होती. अव्वा म्हणजे माझी आई. कर्नाटकाच्या हद्दीला लागून गाव असल्यामुळे आमच्या घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी चालतं. तिने मध संपवून बाटली धुतली आणि त्यात विभूती भरून देव्हाऱ्यात ठेवली. अजून तीच बाटली आहे.

गावी गेलो की मी विमानातल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायचो. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, तेव्हा बाजारात तुरीचं आडत दुकान होतं. दुपारी गर्दी ओसरली की चार माणसं गादीवर टेकायची आणि मी त्यांच्यासमोर टॉवेलापासून सुरू करायचो. लोक मन लावून ऐकायचे, मधूनच माझी खेचायचे. एकाने विचारलं होतं, की हात पुसायला एवढा थाट, तर अंघोळीला काय करत असतील. अप्पा मात्र नुसते ऐकायचे. एकदाच त्यांनी विचारलं, की ताटात उरलेल्या अन्नाचं विमानात काय करतात. मी म्हणालो, टाकून देतात.

अप्पांचा प्रश्न असा का होता, ते त्यांचं जेवण पाहिल्याशिवाय कळणार नाही. सकाळी अंघोळ, मग गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा, कपाळाला विभूती, आणि त्यानंतर ताट. ताटात पडलेलं अन्न हा प्रसाद. त्यातला कण टाकायचा नाही. शेवटचा घास झाला की ते तांब्यातलं थोडं पाणी ताटात घेतात, बोटांनी कडेपर्यंत फिरवून ताट धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. आमच्या लिंगायत घरांतली जुनी माणसं अजून हे करतात. अप्पांचं ताट इतकं लख्ख व्हायचं, की अव्वा म्हणायची, हे घासायला टाकू की तसंच मांडणीवर ठेवू. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मीही तसंच करायचो. पुढे सोलापूरला वसतिगृहात गेलो. पहिल्याच दिवशी पंगतीतली पोरं माझ्या ताटाकडे बघून हसली आणि दुसऱ्या दिवसापासून माझं ते सुटलं.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या फेऱ्या इतक्या झाल्या होत्या, की विमानवाल्यांनी एक तिकीट बक्षीस दिलं. मुंबईला अप्पांची थोरली बहीण राहते, माझी आत्या. तिला भेटायच्या निमित्ताने मी अप्पांना तयार केलं. अव्वाला विमानाची भीती, ती हात जोडून बाजूला झाली. आदल्या दिवशी मुरूमजवळच्या उमरग्याहून गाडीने अप्पांना हैदराबादला आणलं. पहाटे माझ्या घरीच त्यांनी अंघोळ-पूजा उरकली, धोतर नेसलं, परीटघडीचा सदरा घातला. विमानतळावर तपासणीत गळ्यातली डबी वाजली. मला घाम फुटला. अप्पांनी शांतपणे सदऱ्याचं वरचं बटण काढून डबी दाखवली. तपासणारा जवान बिदरकडचा निघाला. दोघं दोन मिनिटं कानडीत बोलले आणि त्याने अप्पांना वाकून नमस्कार केला. म्हणजे त्या दिवशी अप्पांची कुणाला लाज वाटलेली नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

टॉवेल आला. अप्पांनी त्याने दोन्ही हात पुसले, मान पुसली, पण कपाळ राखलं, विभूती जाऊ नये म्हणून. मग त्याची नीट चार घड्यांत घडी घातली आणि त्या मुलीच्या हातात परत दिली. ती हसली. मी मनातून फुलून गेलो होतो. इतकी वर्षं दुकानात बसून जे सांगितलं, ते सगळं खरं ठरत होतं. अप्पा एकेक वस्तू निरखत होते आणि मी त्यांचा चेहरा.

मग ताट आलं. शाकाहारी म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी त्याच ताटात काल कुणी काय खाल्लं असेल, हा प्रश्न अप्पांच्या मनात आला नसेल, असं मला वाटत नाही. त्यांनी तो विचारला नाही. एकदा माझ्याकडे बघितलं, ताटाला हात लावून तो कपाळी नेला आणि जेवायला लागले. उपमा, दोन इडल्या, थोडा शिरा, पपईच्या फोडी. काटा-चमचा बाजूला ठेवून, हाताने, सावकाश. सगळं संपवलं. शिऱ्यातल्या वेलदोड्याचं सालसुद्धा चावून खाल्लं. मग त्यांनी काचेचा पेला उचलला, ताटात पाणी ओतलं आणि त्यात बोटं बुडवली.

मी त्यांचं मनगट धरलं.

“अप्पा, इथं नको. लोक बघतात.”

कुणीही बघत नव्हतं. पलीकडच्या जागेवर एक कोटवाला गृहस्थ पेपर तोंडासमोर धरून बसला होता. पण माझ्या कानात ती पंगतीतली पोरं हसली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आपण कुठं चुकलो ते कळत नाही, पण चुकलो असणार, अशा नजरेने. त्यांनी बोटं बाहेर काढली आणि कापडाला पुसली. मुलगी आली आणि ताट उचलून घेऊन गेली. पाणी डुचमळू नये म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं. ती पडद्याआड जाईपर्यंत अप्पा त्या ताटाकडे बघत होते.

अप्पांच्या बाहत्तर वर्षांत धुतल्यावाचून उचललं गेलेलं ते पहिलं ताट असावं. मला ते तेव्हा कळलं नाही. मला तेव्हा, निस्तरलं बुवा एकदाचं, असं वाटलं. स्वतःचीच लाज वाटायला पुढे बराच काळ जावा लागला.

परत आल्यावर अप्पांनी दुकानात बसून विमानाचं कौतुक केलं. टॉवेलाचं सांगितलं, ढगांचं सांगितलं, त्या कानडी जवानाचं तर दोनदा सांगितलं. ताटाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. पुढे कधी चला म्हटलं की ते म्हणायचे, साकु. साकु म्हणजे पुरे. बाकी काहीही मराठीत बोलू, पण पुरे झाल्याचं आमच्याकडे कानडीतच सांगतात.

इकडे मी मुंबईच्या फेऱ्या मारत राहिलो आणि डोळ्यांदेखत एकेक गोष्ट जात गेली. आधी टॉवेल गेला, त्याच्या जागी कागदाची पुडी आली. मग ट्रेवरचं कापड गेलं. काचेचा पेला गेला. ताट होतं ते आधी प्लास्टिकचं झालं, मग त्याचा खोका झाला. शेवटी खुर्चीही गेली. माझ्या वाटेच्या विमानात आता पुढेही मागच्यासारख्याच तीन-तीन जागा असतात, फक्त मधली रिकामी ठेवतात आणि तिच्यावर एक फळी टाकतात. पडदा तेवढा राहिलाय. तो मात्र अगदी वेळेवर ओढतात, त्याच्या पुढे आता झाकण्यासारखं काही उरलेलं नसताना.

प्रत्येक वेळी मी कुरकुर करायचो. ऑफिसात माझी चेष्टा व्हायची, की साहेब ताटाच्या सुतकात आहेत. त्यांना काय सांगणार? ताट गेल्यापासून मला एक गोष्ट दुरुस्त करायची राहिल्याची रुखरुख वाढत गेली. ती ज्या ताटावर बिघडली होती, त्याच ताटावर दुरुस्त होईल, असं माझ्या डोक्याने घेतलं होतं. माणसाचं डोकं असल्या बाबतीत फार हट्टी असतं.

येत्या मार्चात मी निवृत्त होतोय. पडद्यापुढची जागा त्या दिवशीच सुटणार. म्हणून या वर्षी मी अप्पांच्या मागेच लागलो. ते आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि आत्या नव्वदीच्या घरात. आत्याचं नाव काढल्यावर ते साकु म्हणाले नाहीत. सकाळच्या एका विमानात अजून पुढच्या लोकांना गरम नाश्ता ताटात देतात, असं तिकीट काढणाऱ्याने सांगितलं. मी त्याला दोनदा विचारून घेतलं. माझ्या मनात एवढंच होतं. अप्पांच्या समोर ते ताट यावं, त्यांनी त्यात पाणी ओतावं आणि मी गप बसावं. जमलंच तर माझ्याही ताटात पाणी ओतावं. कोटवाले बघोत, नाहीतर सगळं विमान बघो.

विमानतळावर गेल्यावर कळलं की विमान बदललंय. मोठं नादुरुस्त होतं, छोटं लावलं होतं. आत गेलो तर तीच तीन जागांची रांग आणि मध्ये फळी. फळीच्या एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला मी. अप्पांनी कागदाची पुडी फाडायचा प्रयत्न केला, बोटांना जमेना, मग ती तशीच खिशात ठेवली. विमान वर गेलं आणि खोके आले.

मी त्या मुलीला म्हणालो, मला एक ताट हवंय. ती म्हणाली, या विमानात ताटं चढवतच नाहीत. मी म्हणालो, तुमच्या लोकांचं जेवायचं असेल ते द्या, वाटी द्या, काहीही द्या ज्यात पाणी राहील. माझा आवाज चढला होता. तिला बिचारीला काही उलगडेना. ती जाऊन कॉफीचा एक कागदी कप घेऊन आली.

“राहू दे रं,” अप्पा म्हणाले. “त्या पोरीला कशाला तरास?”

त्यांनी सँडविच हातात घेतलं, कपाळी लावलं आणि खायला लागले. निम्मं खाल्लं. उरलेलं निम्मं परत खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

“साकु,” म्हणाले.

मी हबकलो. ताटात काही ठेवून उठलेले अप्पा मी जन्मात पाहिले नव्हते. बरं वाटत नाही का, विचारलं. ते म्हणाले, झकास वाटतंय. मग संपवा की, तुम्ही कधी अन्न टाकत नाही, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी अगदी सहज, मला माहीत नसलेली एखादी रीत सांगावी तसं सांगितलं.

“इथं टाकलेलं चालतंय की. मागल्या बारीला बी तसंच गेलतं.”

त्यात टोमणा नव्हता. अप्पांना टोमणा मारता येत नाही, येत असता तर बरं झालं असतं. मी फळीवरून हात लांबवून त्यांचा खोका घेतला, उरलेलं सँडविच खाल्लं, पडलेले कणही बोटाने टिपून खाल्ले. पाव गार आणि ओलसर होता. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. खोका रिकामा झाला, पण पुठ्ठा काही धुऊन पिता येत नाही. मुलीने तो दुमडून पिशवीत कोंबला.

आत्याची भेट झाली. दोघं भाऊ-बहीण हातात हात घेऊन तासभर बसले. बोलले थोडंच, एकाला ऐकू कमी येतं आणि दुसरीला आठवत कमी. चौथ्या दिवशी आम्ही मुरूमला परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पूजेला बसले होते आणि मी स्वयंपाकघरात अव्वाजवळ बसून विमानाच्या नावाने कुरकुरत होतो. खोका, फळी, सगळं. बोलता बोलता म्हणालो, अप्पांचं खाणं उतरलंय, निम्मं सँडविच टाकलं त्यांनी. घरीही माझ्याबरोबर बसले की किती रेंगाळतात, दात राहिले नसतील आता, डॉक्टरांना दाखवू.

अव्वा भाकरी थापत होती. तिने हात थांबवले नाहीत.

“दातबित काय न्हाय. तू समोर असलास की ते ताट धुवत न्हाईत. तू उठूस्तोर बसून राहतात.”

कधीपासून, मी विचारलं.

“इमानातनं आल्यापासनं. मला वाटलं, तूच सांगितलास.”

अकरा वर्षं. सणावाराला, सुट्टीला, लग्नकार्याला, जितक्या वेळा आम्ही बाप-लेक पाट मांडून शेजारी बसलो असू तितक्या वेळा. मी हात धुवायला उठायचो आणि अप्पा मागे राहायचे. मी म्हणायचो, अप्पांचं आता सावकाश चालतं. त्यावर एकदा मी त्यांची थट्टाही केली होती आणि ते हसले होते. मी विमानातलं ताट शोधत हिंडत होतो, आणि मनगट मी धरलेलं होतं ते इथं, त्यांच्या स्वतःच्या घरात.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. भाकरी, तुरीची आमटी, शेंगाची चटणी. आज उठायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. माझं जेवण झालं, मी बसून राहिलो. अप्पांचंही झालं. ताटात काही नव्हतं, तरी ते कोरड्या बोटांनी काठावरून काहीतरी निपटत राहिले. त्यांच्या बोटांवरची आमटी वाळून गेली. तांब्या त्यांच्या हाताशीच होता. मी तो थोडा पुढे सरकवला.

“अप्पा, पाणी घ्या की ताटात.”

“व्हय व्हय,” ते म्हणाले. “तू हो पुढं. माझं हुतंय सावकाश.”

मी आणखी थोडा वेळ बसलो. मला माझ्या ताटात पाणी ओतायचं होतं, विमानात ठरवलं होतं तसं. हात तांब्याकडे गेलाही. पण अप्पा इतके अवघडून बसले होते, की ते त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठीच झालं असतं. आपल्या पोराला ओशाळं होऊ नये म्हणून म्हातारा माणूस वाळलेल्या हाताने ताटावर बसला होता आणि मी त्याला आणखी ओशाळवत होतो. अव्वा दारातून माझ्याकडे बघत होती. मी उठलो.

अंगणात रांजणाशी गेलो. हात धुतले. भिंतीपलीकडे काही आवाज नव्हता. मी आत येतो की काय, याची अप्पा चाहूल घेत असणार. नळाला पाणी येऊन पाच दिवस झाले होते आणि रांजण निम्म्यावर आला होता. तरी मी तांब्या बुडवला, मोठा आवाज करत पाणी हातावर ओतलं, पुन्हा बुडवला, पुन्हा ओतलं. मी अजून बाहेरच आहे हे त्यांना ऐकू जावं म्हणून, त्यांचं ताट धुऊन होईपर्यंत, मी तसाच हात धूत उभा राहिलो.